चंद्राकडे जायचं कसं: थेट की घिरट्या घालत?

अपोलो ११ हे १६ जुलै १९६९ ला निघालं आणि २० जुलैला माणसं चंद्रावर. चांद्रयान-३ ला मात्र १४ जुलै ते २३ ऑगस्ट २०२३, असे चाळीस दिवस लागले. ‘एवढा उशीर?’ हा प्रश्न आमच्याकडे चहाबरोबर अजूनही येतो.

अपोलोला नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटचं वजन जवळपास २,९०० टन, चांद्रयानाला नेणाऱ्या आपल्या एलव्हीएम३ रॉकेटचं ६४०; म्हणजे ताकदही कमी. मग इस्रोने झोपाळ्याची युक्ती केली: पृथ्वीभोवती फेऱ्या मारताना यान तिच्या अगदी जवळ, सर्वांत वेगात असतानाच इंजिन चालवायचं, तेवढ्याच इंधनात कक्षा जास्त लांबते. आत माणसं असती तर चाळीस दिवसांचं अन्न, हवा, शिवाय पृथ्वीभोवतीच्या किरणोत्साराच्या पट्ट्यांतून पुन्हा पुन्हा फेऱ्या. तिथे थेट वाटच बरी. यंत्राला कसली घाई? मी घिरट्यांच्या बाजूचा.