फॉर्म सर्व्हरचा, पान ब्राउझरचं: जँगो आणि एचटीएमएक्स बरेच महिने वापरल्यावर

फॉर्म जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कनेच बनवायचा, तपासणीही तिथेच करायची आणि ब्राउझरने एचटीएमएक्स या छोट्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या मदतीने फक्त तयार एचटीएमएल तुकडा आणून पानात बसवायचा, अशा रीतीने आम्ही काम करतोय त्याला आता बरेच महिने झाले. ॲप नोंदींचं आहे. मुख्य फॉर्मखाली हव्या तितक्या ओळी वाढवता येतात, प्रकार निवडला की पुढची फील्ड बदलतात, दुरुस्ती पॉपअपमध्ये होते. पूर्वी हे सगळं जावास्क्रिप्टमध्ये वेगळं लिहिलेलं होतं. ‘शेवटची तारीख सुरुवातीच्या आधीची नको’ हा साधा नियमही पायथनमध्ये एकदा आणि ब्राउझरमध्ये एकदा लिहावा लागे, आणि कधी ना कधी त्यातला एकच बदलला जाई. आता नियम फॉर्मच्या क्लीन मेथडमध्ये, म्हणजे जँगोतल्या तपासणीच्या जागी, लिहिला की झालं. बाकी काही आवडलं नाही तरी एवढ्यासाठी मी ही पद्धत निवडेन.

सगळ्यात जास्त वेळ फॉर्मसेटने, म्हणजे एकाच प्रकारच्या अनेक ओळींच्या गटाने, घेतला. किती ओळी वाचायच्या हे जँगो मॅनेजमेंट फॉर्ममधल्या (फॉर्मसेटची मोजदाद ठेवणाऱ्या भागातल्या) ‘टोटल फॉर्म्स’ या लपलेल्या आकड्यावरून ठरवतं. नवी ओळ पानात आली पण आकडा वाढला नाही, तर ती ओळ सेव्हच होत नाही. चूक दाखवली जात नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही, वापरकर्त्याने भरलेली माहिती मात्र जाते. म्हणून ओळ मागताना सध्याचा आकडा सोबत पाठवायचा आणि उत्तरात नव्या ओळीबरोबर वाढवलेला आकडाही आउट-ऑफ-बँड स्वॅपने (त्याच उत्तरातून पानाचा दुसरा भागही बदलण्याच्या सोयीने) परत आणायचा. दोन्ही एकाच उत्तरात येत असल्यामुळे त्यांचा मेळ चुकत नाही. आधीपासून सेव्ह असलेली ओळ काढायची असेल तर ती पानातून उडवू नये. तिचा डिलीट चेकबॉक्स टिक करून ओळ नुसती लपवावी. एकाच पानावर दोन फॉर्म येणार असतील तर प्रत्येकाला प्रीफिक्स (फील्डच्या नावाआधी लागणारा वेगळा शब्द) द्या, नाहीतर आयडी सारखे होतात आणि दुसऱ्या फॉर्मच्या लेबलवर क्लिक केलं की कर्सर पहिल्यात जातो.

एचटीएमएक्स चारशे आणि पाचशेच्या घरातले स्टेटस कोड असलेली, म्हणजे चूक सांगणारी, उत्तरं आपणहून पानात बसवत नाही. तपासणीत नापास झालेल्या फॉर्मला आम्ही ४२२ पाठवतो, कारण टेस्ट वाचताना आणि लॉग चाळताना खरं काय घडलं ते लगेच कळतं. त्यासाठी एचटीएमएक्सच्या २.० आवृत्तीत रिस्पॉन्स हँडलिंगची सेटिंग एकदाच बदलावी लागते. ४०३ची, म्हणजे नकाराच्या कोडची, गोष्ट वेगळी. लॉगिन झालं की जँगो सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची गुप्त खूण) बदलतं. त्यामुळे आधीपासून उघड्या असलेल्या टॅबमधून फॉर्म पाठवला तर नकार येतो आणि बटण मेल्यासारखं वाटतं. रिस्पॉन्स एररचा इव्हेंट पकडून ‘पान पुन्हा उघडा’ असा ठळक संदेश दाखवणं मला अत्यावश्यक वाटतं.

सेशन संपल्यावर तर आख्खं लॉगिन पान पॉपअपच्या आत उघडायचं, कारण ३०२चा रीडायरेक्ट, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर जाण्याची सूचना, ब्राउझर परस्पर पाळतो. छोटं मिडलवेअर (प्रत्येक विनंती आणि उत्तर ज्यातून जातं असा कोड) लिहून अशा वेळी एचएक्स-रीडायरेक्ट हेडर पाठवला की पूर्ण पान बदलतं. एकाच पत्त्यावरून कधी पूर्ण पान, कधी तुकडा देत असाल तर व्हेरी हेडर (कॅशने ही दोन उत्तरं वेगळी धरावीत अशी सूचना) लावाच, नाहीतर बॅक बटणावर नुसता फॉर्म उघडा पडू शकतो. तुकडा मागितलाय का हे ओळखायला जुन्या ट्यूटोरियलमधलं ‘इज एजॅक्स’ शोधत बसू नका, ते जँगो ४.० मध्ये काढून टाकलंय.

तारखेचं कॅलेंडर वगैरे विजेट नव्या तुकड्यात आपोआप चालू होत नाहीत. त्यांच्या फाइल मुख्य पानावर आधीच लोड करून ठेवाव्यात आणि एचटीएमएक्सच्या ऑनलोडमध्ये फक्त नव्या भागाला विजेट जोडावं.

जँगो ६.० मध्ये टेम्प्लेट पार्शल्स (टेम्प्लेटमधलेच नाव दिलेले तुकडे) आले आणि फाइलींची गर्दी बरीच कमी झाली. फॉर्मचा तुकडा आता पूर्ण पानाच्या टेम्प्लेटमध्येच राहतो, व्ह्यूला हवा तेव्हा तेवढाच देता येतो. प्रत्येक निवडीला सर्व्हरपर्यंत फेरी होते, त्यामुळे संथ नेटवर्कवर जाणवण्याइतका उशीर होतो. ज्या फॉर्ममध्ये टाइप करता करता हिशेब बदलत राहायला हवा, तिथे मी ही पद्धत सुचवणार नाही. फाइल अपलोडही यात नीट बसत नाही. दुसऱ्या एखाद्या फील्डमध्ये चूक निघून फॉर्म परत आला की निवडलेली फाइल गेलेली असते, कारण ब्राउझर ती पुन्हा भरू देत नाही. त्यामुळे फाइल आम्ही आधी स्वतंत्रपणे अपलोड करून घेतो आणि फॉर्ममध्ये फक्त तिचा क्रमांक ठेवतो.