जुन्या बाजारातली गेजांची पथारी

पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी हत्यारांच्या पथाऱ्या पुष्कळ लागतात. घडीच्या चाकूचं काम करणाऱ्याने मात्र बेअरिंगवाल्यांच्या पलीकडची निळी ताडपत्री गाठावी. तिथले मामा हत्यारं किलोवर विकत नाहीत. मोजायची वेगळी, कापायची वेगळी, आणि ज्यांचं काम त्यांना उमगलेलं नाही त्यांची एक पत्र्याची पेटी. "बघा, ओळख लागते का," म्हणून ती पुढे सरकवतात. माझी सारी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या हत्यारं बनवायच्या खात्यात झाली, आता जुने चाकू दुरुस्त करतो. मला ती पेटी म्हणजे पर्वणीच.

गेल्या खेपेला तीत दोन एकसारख्या पोलादी पट्ट्या निघाल्या, सुतळीने एकत्र बांधलेल्या. प्रत्येकीच्या टोकाला एक भोक. मामांना तो कुलपाचा भाग वाटत होता. त्यांना विचारून एका कोपऱ्यावर कानस फिरवली, तर ती नुसती घसरली. म्हणजे पाणी देऊन कडक केलेलं पोलाद. मग व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी लावली. भोकापासून टोकाच्या तिन्ही सपाट बाजू सारख्याच अंतरावर! अर्ध्यावर थांबणाऱ्या चाकूच्या पात्याचं बूड असंच असतं. पाठीची स्प्रिंग त्या बाजूंवर टेकते, म्हणून चाकू उघडा, अर्धा किंवा मिटलेला असो, पाठीवरून बोट फिरवलं की उंचवटा लागत नाही. ही होती घासायची जोडी. कच्चं पातं मधे घालायचं, भोकातून पिन सारायची आणि कानस घसरू लागेपर्यंत घासायचं. मग पाती एका मापाची उतरतात. पिनेचं भोक लांबट झालेलं नव्हतं. ते झिजलेलं असतं तर मी जोडी घेतलीच नसती. २५० रुपयांना मिळाली, मला स्वस्त वाटली.

गोल वायर गेजही, म्हणजे तारेची किंवा पत्र्याची जाडी मोजायच्या खाचांच्या चकत्या, इथे बरेच असतात. मुठीच्या आतलं पितळी अस्तर मोजायला ते उत्तम, पण माप खाचेत घ्यायचं. खाचेच्या टोकाचं गोल भोक मापाचं नसतं. ब्रिटिश स्टँडर्ड गेजमध्ये १६ नंबर १.६३ मिलिमीटर, १८ नंबर १.२२. नंबर वाढला की पत्रा पातळ. जुना बर्मिंगहॅम गेज याहून थोडा वेगळा, म्हणून तोंडावरचा शिक्का वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचे फीलर गेज इतरत्रही मिळतात, त्यासाठी इथवर यायची गरज नाही.

एक तक्रार मनापासून आहे. मामा माल चमकवायला तारेचा ब्रश मारतात. त्याने शिक्के पुसट होतात आणि गेजच्या कडा गोल होतात. अशा घासलेल्या गेजचं माप धरता येत नाही. रॉकेलात भिजवून चिंधीने पुसा, असं त्यांना सांगितलंय. आता गंजका माल मागितला तर तसाच काढून देतात.

रविवारी वाकून बघायलाही जागा नसते, बुधवारी सकाळी जा. व्हर्नियर, लहान कानस आणि भिंग जवळ ठेवा. आणि दोन लवचीक पायांचं, पायांच्या टोकांना धार असलेलं ड्रिलसारखं काही दिसलं, तर ते शेफील्डच्या कारागिरांचं पार्सर असू शकतं. मुठीवरच्या धातूच्या बिल्ल्यासाठी साच्याच्या आधाराने खाच कोरायचं ते हत्यार. दोरीच्या कमानीने ते फिरवायचं. मामांकडे अजून आलेलं नाही; कागदावर चित्र काढून दिलंय, आलं तर बाजूला ठेवणार आहेत.