मोबाइलवरची प्रश्नमंजूषा: काहूट, टेलिग्राम, वेग्राउंड की ट्रिव्हिया क्रॅक?

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची स्पर्धा असो, गणपतीत मंडळाचा कार्यक्रम असो, नाहीतर अभ्यासिकेतल्या पोरांची रोज रात्रीची चुरस असो, ‘ॲप कोणतं घ्यावं’ हा प्रश्न येतोच. ते ठरवताना आधी एक बघा: ॲप गुण कशाचे देतं, वेगाचे की अचूकपणाचे? पहिला कोण येणार हे बऱ्याचदा तिथंच ठरून जातं.

काहूट हे नॉर्वेचं, २०१३ पासूनचं. मोठ्या पडद्यावर प्रश्न दिसतो, फोनवर चार रंगांची बटणं. बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण, आणि जितका उशीर तितके कमी. वेळ संपता संपता बरोबर दाबलं तर ५०० च्या आसपास. २० सेकंदांचा टायमर धरून हिशेब करा. एकानं दहाच्या दहा उत्तरं बरोबर दिली, पण विचार करून, सोळाव्या सेकंदाला: प्रत्येकी ६००, एकूण ६०००. दुसऱ्यानं तिसऱ्या सेकंदालाच धडाधड दाबली, त्यातली सात बरोबर आणि तीन चूक: प्रत्येकी ९२५, एकूण ६४७५. तीन चुका करणारा जिंकला! बोनस वगैरे यात धरलेलाच नाही.

सभागृहात आरडाओरडा, टाळ्या हव्या असतील तर हे चालतं, किंबहुना त्यातच मजा आहे. पण बक्षीस ‘ज्ञाना’चं आहे असं बॅनरवर लिहिलं असेल तर टायमर ६० सेकंदांचा करा. तेच दोघं, तेवढ्याच वेळात उत्तरं देऊन, आता पहिला सुमारे ८६७० आणि दुसरा ६८२५. निकाल उलटा. कार्यक्रम लांबेल ही भीती नको, सगळ्यांची उत्तरं आली की काहूट वेळ संपायची वाट न बघता पुढं सरकतं. लांब टायमरची खरी अडचण गूगलची. समोर बसलेल्यांवर नजर ठेवता येत असेल तरच ६० ठेवा.

काहूटमध्ये मराठी लिहिताना हमखास अडतं ते अक्षरमर्यादेला. प्रश्नाला १२० आणि पर्यायाला ७५ चिन्हं मिळतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलंत प्रत्येक वेगळं मोजलं जातं. ‘किल्लारी’ डोळ्याला तीन अक्षरं, मोजणीत आठ. म्हणून ‘पुढील विधानांचा विचार करा’ छापाचे आयोगी, म्हणजे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतले, प्रश्न इथं बसत नाहीत. ‘किल्लारीचा भूकंप कोणत्या वर्षी?’ असा सुटसुटीत प्रश्न मात्र छान बसतो.

बाकी तयारी अशी. फुकट खात्यात किती खेळाडू येऊ शकतात याला मर्यादा असते आणि ती बदलत राहते. ती आदल्या दिवशीच तपासा, मंडपात नव्हे. माणसं जास्त झाली तर चौघांत एक फोन द्या आणि नावाच्या जागी संघाचं नाव टाकायला सांगा. एका फोनच्या हॉटस्पॉटवर साधारण आठ-दहाच्या पुढं फोन टिकत नाहीत, तेव्हा ज्याचा त्याचा डेटा बरा. लाइट गेली की प्रोजेक्टर बंद आणि प्रश्नच गायब, म्हणून प्रश्न खेळाडूंच्या फोनवरही दाखवायचं सेटिंग सुरू ठेवा. टवाळ पोरं टोपणनावाच्या जागी काय वाट्टेल ते लिहितात. नावावर क्लिक करून होस्टला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, त्यांना बाहेर काढता येतं, आणि सगळे आत आले की खेळाला कुलूप लावता येतं, म्हणजे खेळात शिरायचा पिन गावभर फिरला तरी फरक पडत नाही.

वेग्राउंड म्हणजे पूर्वीचं क्विझिझ, मूळ बंगळुरूचं. २०२५ मध्ये नाव बदललं. प्रश्न ज्याच्या त्याच्या फोनवर, ज्याच्या त्याच्या गतीनं. प्रोजेक्टर नसलेल्या वर्गाला हे सोयीचं. प्रश्न आणि पर्याय प्रत्येकाला वेगळ्या क्रमानं देता येतात, त्यामुळे शेजारच्याच्या फोनमध्ये डोकावून हाती काही लागत नाही. टायमर बंदही करता येतो. उणीव एकच: ज्याच्या त्याच्या गतीनं खेळताना सगळा हॉल एकाच प्रश्नावर श्वास रोखून बसतो तो प्रकार होत नाही.

स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी मात्र आमचं मत सरळ टेलिग्रामच्या बाजूनं. तिथला क्विझबॉट, म्हणजे प्रश्नमंजूषा आपोआप चालवणारं खातं, फुकट आहे, डेटा कमी खातो, आणि क्रमवारी आधी बरोबर उत्तरांवर लावतो. उत्तरं समसमान असली तरच वेळ बघतो. बॉटला ‘नवीन क्विझ’ सांगा, नाव द्या, प्रश्न एकेक पाठवा, प्रश्नागणिक वेळ निवडा आणि आलेली लिंक ग्रुपमध्ये टाका. लांबलचक विधानं आधी साध्या मेसेजमध्ये पाठवायची, म्हणजे ती प्रश्नाच्या वर दिसतात. आयोगी प्रश्नांची सोय अशी होते. स्पष्टीकरण २०० चिन्हांत बसवावं लागतं, तेव्हा तिथं नेमकं कारण लिहा, ‘पुस्तक वाचा’ नको. लिंकवरून एकेकट्यानं सोडवली तर पहिलाच प्रयत्न क्रमवारीत धरला जातो. वेळ १५ सेकंद ठेवली तर गूगल करायला सवड उरत नाही, ४५ ठेवली तर भरपूर उरते. मुलींनी अनोळखी ग्रुपमध्ये जाण्याआधी सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन फोन नंबर ‘कोणालाही नाही’ असा करून घ्यावा. टेलिग्रामची खरी जोखीम प्रश्नांत नाही, इथं आहे.

एक खोट मात्र या खेळांत तशीच राहते: नेहमीच्या सेटिंगमध्ये चुकीला शून्य मिळतं, वजा काही होत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव हिस्सा कापला जातो. चार पर्यायांचे, एकेक गुणाचे १०० प्रश्न निव्वळ अंदाजपंचे ठोकले तर सरासरी २५ बरोबर येतात. ॲपवर ते २५ दिसतात, आयोगाकडे २५ वजा १८.७५, म्हणजे सव्वासहा. रोज रात्री ग्रुपमध्ये पहिला येणारा पूर्वपरीक्षेत आपटतो तो पुष्कळदा याच सवयीनं. उपाय साधा आहे. चौथा पर्याय ‘माहीत नाही’ ठेवा, तो दाबला तर शून्य, आणि वजाबाकी वहीत हातानं करा. कंटाळवाणं आहे, पण उपयोगी.

ट्रिव्हिया क्रॅकची जात वेगळी. अर्जेंटिनाचा खेळ, सहा विषयांचं चक्र, समोरच्यानं डाव खेळला की आपली पाळी. दोघं एकाच वेळी ऑनलाइन असायची गरज नाही, त्यामुळे रेंज येते-जाते अशा वस्तीवरही खेळता येतो. पण प्रश्न जगभरच्या लोकांनी लिहिलेले आहेत. इंग्रजीतून घेतलात तर अमेरिकेतला बेसबॉल आणि तिकडच्या मालिका अंगावर येतात. पैठणचा नाथसागर कुणी विचारणार नाही. करमणूक म्हणून ठीक.

ॲप कोणतंही घ्या, प्रश्न तुमचे तुम्हीच तपासा. जुन्या पीडीएफमधून उचललेल्या संचांत मराठवाड्याचे जिल्हे अजून सातच असतात. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळा झाला, आता आठ आहेत. धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर ही नावंही २०२३ नंतरची, जुनं नाव पर्यायात आलं की मांडवात वाद ठरलेला. ज्योतिर्लिंगांवर प्रश्न काढताना जपून. वैजनाथ परळीचा की देवघरचा, नागनाथ औंढ्याचा की द्वारकेजवळचा, हा निवाडा प्रश्नमंजूषेत करू नये. परळीत कार्यक्रम असेल तर खुशाल विचारा, तिथं उत्तर एकच आहे.

‘पन्नास रुपये भरा, क्विझ जिंका, हजार मिळवा’ असली ॲपं या तुलनेत धरलेलीच नाहीत. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं बंदीत गेले. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, पण बुडालेले पैसे कायदा परत आणून देत नाही. असल्या ॲपची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) व्हॉट्सॲपवर कुणी पाठवली तर उघडू नका. उघडलीच आणि खात्यातून पैसे गेले, तर पहिला फोन १९३० ला, त्यानंतर बँकेला.