पन्नाशीनंतर ग्रोथ हार्मोन: इंजेक्शन, पावडर की तालीम?

पन्नाशी उलटली, दंड सैल पडले, पोट सुटलं, की जिममध्ये कुणीतरी ग्रोथ हार्मोनचं नाव काढतं. घ्यायचं की नाही हे ठरवण्याआधी वयामुळे नक्की काय बदलतं ते बघा.

मेंदूच्या बुडाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी हे हार्मोन दिवसभर झिरपवत नाही, मधूनमधून उसळीने सोडते. सगळ्यांत मोठी उसळी रात्री पहिल्या गाढ झोपेत येते. तरुणपण सरलं की दर दहा वर्षांत हे प्रमाण साधारण १४ टक्क्यांनी घटतं. ग्रंथी काही रिकामी झालेली नसते. तिला ‘सोड’ म्हणणारा निरोप क्षीण होतो, ‘थांब’ म्हणणारं सोमॅटोस्टॅटिन वरचढ होतं आणि गाढ झोपही कमी होते. त्यात पोटातली चरबी वाढली की उसळ्या आणखी दबतात.

इंजेक्शनची बाजू खोटी नाही. १९९० साली अमेरिकेत डॅनियल रुडमन या डॉक्टरांनी ६१ ते ८१ वयाच्या १२ पुरुषांना सहा महिने हे हार्मोन टोचलं. चरबी सोडून उरलेलं वजन ८.८ टक्क्यांनी वाढलं, चरबी १४.४ टक्क्यांनी घटली. हेच आकडे आजही विकायला वापरतात. मात्र त्या वाढलेल्या वजनात पाणीही धरलेलं असतं, आणि पुढच्या अभ्यासांत ताकद त्या मानाने वाढलेली दिसली नाही. शिवाय दुष्परिणाम: पायांवर सूज, सांधेदुखी, मनगटात नस दबून बोटांना मुंग्या, रक्तातली साखर वर. घरात मधुमेह असेल तर मी या वाटेला जाऊच नका म्हणेन.

पावडर, स्प्रे, गोळ्यांवर वेळ घालवू नका. हे हार्मोन म्हणजे १९१ अमिनो आम्लांचं प्रथिन. तोंडावाटे घेतलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं.

उरली तालीम. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधून घेतलेल्या या कोल्हापुरात व्यायाम करायला जागा शोधावी लागत नाही. दम लागेपर्यंत बैठका मारल्या की उसळी येते. साठीत ती पंचविशीपेक्षा लहानच असते, हे मान्य करायला हवं. पण स्नायूंवर ताण पडला की ते या हार्मोनची वाट न बघताही बळकट होतात, आणि नेमकी ही ताकदच इंजेक्शनात मिळत नाही. सुरुवात भिंतीला हात टेकवून, अर्ध्या बैठकीने करा. गुडघा कुरकुरला तर खोली कमी करा, बैठका सोडू नका. जोर जमिनीवर जमत नसतील तर कट्ट्यावर हात टेकवून मारा. नुसतं रंकाळ्याला चक्कर मारून दंड भरत नाहीत, पण पोट उतरायला तीही हवी. रात्री अकरा वाजता तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारून झोप मोडून घेऊ नका. पहिली गाढ झोप गेली की मोठी उसळीही जाते.

पिट्युटरीचं ऑपरेशन झालेलं असेल, डोक्याला रेडिएशन दिलेलं असेल किंवा मोठा मार लागलेला असेल, तर मात्र खरी कमतरता असू शकते. तिथे इंजेक्शन हा रीतसर उपचार आहे. अशांनी हार्मोनतज्ज्ञ डॉक्टर गाठावेत आणि उत्तेजन चाचणीबद्दल (औषध देऊन ग्रंथी हार्मोन सोडते का ते बघणारी तपासणी) विचारावं. एरवी सकाळी रक्त देऊन ग्रोथ हार्मोन मोजायला पैसे घालू नका: दोन उसळ्यांच्या मधे ते धडधाकट माणसातही जवळजवळ शून्यावर असतं.