जुना डेस्कटॉप: साटा एसएसडी की कार्डावरची एनव्हीएमई?

इंटेलचा दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा प्रोसेसर, एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क असलेले डेस्कटॉप घराघरांत, दुकानांत अजून रोज चालतात. डिस्क बदलायची हे एकदा ठरलं की पुढचा प्रश्न येतो: साटा केबलने जोडायची अडीच इंची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) लावायची, की मदरबोर्डच्या पीसीआयई स्लॉटमध्ये खोचायच्या कार्डावर बसवलेली, जास्त वेगाची एनव्हीएमई एसएसडी? किमतीत बऱ्याचदा फार फरक नसतो. मग जास्त वेगाची का घेऊ नये, असं वाटणं साहजिक आहे.

कागदावर एनव्हीएमई पुढे आहे, यात वाद नाही. एच६१ वरचे सगळे साटा पोर्ट ३ गीगाबिटचे, म्हणजे सेकंदाला जेमतेम २७०-२८० एमबी. एच८१ वर दोन पोर्ट ६ गीगाबिटचे आणि दोन ३ चे असतात. एसएसडी यातल्या वेगवान पोर्टलाच लावा. कोणता ते बोर्डावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. एनव्हीएमई लांब स्लॉटमध्ये बसवली तर जुन्या पीसीआयई २.० वरही सेकंदाला दीड हजार एमबीच्या आसपास जाते. तिथे ग्राफिक्स कार्ड असेल, तर उरतो तो छोटा एक्स१ स्लॉट आणि वेग येतो चारशेवर.

पण हार्ड डिस्क या आकड्यांमुळे रेंगाळत नाही. ७२०० आरपीएमच्या डिस्कला हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायला सरासरी ४ मिलिसेकंद लागतात, डोकं तिथवर सरकायला आणखी ८-९. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइल्स वाचते आणि खरा वेळ तिथे जातो. एसएसडी कुठलीही असो, हे काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकते. माझ्या अनुभवात, ब्राउझर, एक्सेल किंवा टॅली उघडताना साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक जाणवत नाही. मोठे व्हिडिओ कॉपी करताना जाणवायला हवा, पण समोर जुनी डिस्क असेल तर वेग तिच्याच १००-१५० एमबीवर अडतो.

माझा कल साटाकडे झुकला तो मात्र बूटमुळे, म्हणजे संगणक त्या डिस्कवरून सुरू होण्याच्या प्रश्नामुळे. त्या काळच्या बहुतेक बायोसमध्ये (मदरबोर्डच्या चिपवरचा, संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम) एनव्हीएमईचा ड्रायव्हरच नाही. विंडोज १० च्या सेटअपला ती दिसते, कारण त्याचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. बायोसच्या बूट यादीत मात्र तिचं नाव येत नाही आणि रीस्टार्टनंतर मशीन बूट डिव्हाइस मागत बसतं. यावर दोन वाटा आहेत. पहिली क्लोव्हर या बूटलोडरची (विंडोजआधी चालून तिला सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम): तो पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि त्याचा एनव्हीएमई ड्रायव्हर ‘ऑफ’ फोल्डरमधून चालू ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये हलवायचा. मग हा पेनड्राइव्ह कायम मागे खोचलेला राहतो. कुणी सहज उपसला की संगणक सुरू होत नाही. क्लोव्हर जुन्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो, पण मग जिच्यापासून सुटका हवी होती तिच्यावरच पुन्हा अवलंबून. दुसरी वाट बायोसमध्येच तो ड्रायव्हर घालून चिप फ्लॅश करण्याची, म्हणजे तिच्यावर नव्याने लिहिण्याची. ते चुकलं तर बोर्ड मेला, आणि चिप प्रोग्रॅमरवर लिहिल्याशिवाय उठत नाही. रोज बिलं काढायच्या मशीनवर हा खेळ नको, असं मला वाटतं.

साटाच्याही कटकटी आहेत, पण त्या एकदाच्या. बायोसमध्ये साटा पोर्ट आयडीई या जुन्या मोडवर असेल तर विंडोज टाकण्याआधी तो एएचसीआय या नव्या मोडवर करा. आयडीईवर एसएसडी एका वेळी एकच आज्ञा घेते. आधीच टाकलेल्या विंडोजवर हा बदल थेट केलात तर निळा स्क्रीन येतो. त्यासाठी आधी सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये सेफ बूट निवडा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन ती खूण काढा. एसएमपीएसला (संगणकाच्या पॉवर सप्लायला) साटाची पॉवर पिन कमी पडली तर मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून साटा देणारा कन्व्हर्टर लागतो. त्यात वायर प्लास्टिकमध्ये ओतून बसवलेला प्रकार टाळा, तो आतून तापून वितळल्याची उदाहरणं आहेत. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रॅममध्ये सीआरसी एरर (केबलवरून डेटा जाताना होणाऱ्या चुका) वाढत असतील तर आधी डेटा केबल बदला, एसएसडीला दोष देऊ नका. आणि ५०० जीबीची डिस्क ४८० जीबीच्या एसएसडीवर क्लोनझिला (डिस्कची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम) सरळ घेत नाही, त्यामुळे नव्यानं विंडोज टाकणंच सोपं.

एच९७, झेड९७ किंवा त्यापुढचा बोर्ड असेल आणि बायोस अद्ययावत असेल, तर एनव्हीएमई बिनदिक्कत घ्या. पुढे नव्या मशीनमध्येही ती जाईल. लिनक्सवाल्यांनाही अडचण नाही: बूट विभाग साटा डिस्कवर, बाकी सगळं एनव्हीएमईवर. व्हिडिओ एडिटिंगला दुसरी डिस्क म्हणूनही ती जुन्या बोर्डावर उत्तम चालते. कार्ड घेताना त्यावर एम.२ साटाची पट्टी (एनव्हीएमईसारखीच दिसणारी, पण साटावर चालणारी एसएसडी) मात्र घेऊ नका, साध्या पीसीआयई कार्डावर ती दिसतच नाही.

साटा घेतलीत तर सेटअप चालवताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. नाहीतर विंडोज बूट विभाग तिच्यावर टाकू शकते आणि पुढे ती काढली की नवी एसएसडी एकटी सुरू होत नाही. विंडोज बसली, दोनदा रीस्टार्ट झालं, की मग जुनी डिस्क डी ड्राइव्ह म्हणून जोडा.