जड झालेले पॉवर स्टिअरिंग: सील किट, रिकंडिशन रॅक की नवा रॅक?

घरची गाडी वळवताना हात दुखू लागले की गॅरेजमधून बहुधा एकच निदान ऐकू येते, ते म्हणजे रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर आडवा सरकून पुढची चाके वळवणारा भाग) गेला. मग सील किट (ऑइल गळू न देणाऱ्या सीलांचा संच) टाकून आहे तोच रॅक दुरुस्त करावा, रिकंडिशन केलेला (जुना, पण दुरुस्त करून विकला जाणारा) घ्यावा की सरळ नवा बसवावा, असा प्रश्न उभा राहतो. या तिन्हींची तुलना पुढे केली आहे. पण दोष खरोखर रॅकचाच आहे हे ठरल्याशिवाय ती तुलना निरर्थक आहे, म्हणून आधी निदानाविषयी लिहितो.

पुढच्या टायरमधली हवा प्रथम तपासावी. नंतर पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलून, भक्कम आधार देऊन, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. ऑइलचा थोडा प्रतिकार जाणवेल, परंतु तो सगळीकडे सारखा असला पाहिजे. प्रत्येक फेऱ्यात दोनदा घट्ट आणि दोनदा सैल लागत असेल, तर संशय स्टिअरिंगच्या दांड्यावरील क्रॉस जॉइंटवर घ्यावा. आमच्या २०११ च्या सात आसनी डिझेल गाडीला एका गॅरेजने नवा रॅक सुचवला होता. प्रत्यक्षात कोकणातल्या पावसाळ्यांनी पेडलजवळचा हा जॉइंट गंजून धरला होता आणि तो बदलताच स्टिअरिंग पूर्ववत हलके झाले. याउलट टाय रॉडची (रॅक आणि चाक जोडणाऱ्या सळ्यांची) टोके सोडवल्यावरही चाक हाताने सहज वळत नसेल, तर दोष स्ट्रटच्या (पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या खांबाच्या) वरच्या बेअरिंगमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये असतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नसेल, तरी याच जागा पाहाव्यात.

जागेवर जड लागणारे स्टिअरिंग रेस वाढवताच हलके होत असेल, तर पंप अशक्त झाला आहे किंवा त्याचा पट्टा सैल पडला आहे. घूं घूं आवाजासोबत टाकीतल्या ऑइलवर फेस दिसला, तर कुठून तरी हवा ओढली जात आहे; अशा वेळी टाकीकडून पंपाकडे येणारा पाइप आणि त्याची क्लिप आधी तपासावी. ऑइल काळे पडले असेल, तर ते पूर्ण बदलून चार दिवस गाडी चालवून पाहावी, कारण तिन्ही पर्यायांपेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे. ऑइल मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलेलेच घ्यावे. अनेक गाड्यांना चालणारे लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) होंडाच्या जुन्या गाड्यांना चालत नाही, आणि चुकून ब्रेक ऑइल ओतले गेले तर सगळी रबरी सीले फुगून निकामी होतात.

हे सारे ठीक असूनही स्टिअरिंग एकाच बाजूला जड लागत असेल, किंवा रॅकच्या टोकाचे रबरी बूट दाबल्यावर आत ऑइल साचलेले आढळले, तर दोष रॅकचाच असण्याची शक्यता मोठी आहे.

सील किट सर्वांत स्वस्त पडते, आणि गाडी पाच-सात वर्षे जुनी व बूट कधीच फाटलेले नसतील तर मी तेच निवडीन. निर्णय मात्र रॅक उघडल्यावर, समोर उभे राहून घ्यावा. रॅकचा चकचकीत दांडा पुसून त्यावरून नख फिरवावे. नख कुठेही अडकले नाही तर नवे सील टिकेल. बूट फाटून चिखलपाणी आत गेले असेल, तर दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात आणि ते नव्या सीलची कड काही महिन्यांत कापून टाकतात. असा दांडा पॉलिश करून चालवून घेऊ, असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्यावा.

रिकंडिशन रॅकचे मोल पूर्णपणे तो करणाऱ्यावर अवलंबून असते. दांडा बदलला की घासला, व्हॉल्व्हच्या रिंगा नव्या आहेत का आणि रॅक दाबाखाली तपासला आहे का, ही उत्तरे वॉरंटीसह लेखी मिळत असतील, तर दहा-बारा वर्षांच्या गाडीसाठी हा पर्याय समंजस आहे. नवा रॅक मी तेव्हाच घेईन, जेव्हा दांडा खराब आहे आणि गाडी आणखी बरीच वर्षे घरात राहणार आहे.

इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाडीत हा हिशेबच वेगळा असतो. मोटर स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणजे कॉलमवर, बसवलेली असेल, तर रॅक निव्वळ यांत्रिक असतो. त्यामुळे डॅशबोर्डवर ईपीएसचा (इलेक्ट्रिक स्टिअरिंगचा) दिवा लागला म्हणून रॅक बदलू नये. बॅटरी व अल्टरनेटरचा व्होल्टेज, फ्यूज आणि अर्थिंग तपासून मग स्कॅनरवर कोड वाचून घ्यावा. भंगारातला जुना कॉलम स्वस्त मिळतो, पण अपघातात दबण्यासाठीच बनवलेला हा भाग आधी दबलेला आहे की नाही हे सहज दिसत नाही, म्हणून तिथे काटकसर करू नये.

हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, रॅकचे काम झाल्यावर चाके उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग अनेकदा टोकापासून टोकापर्यंत फिरवून घ्यावे आणि ऑइलमधले बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे. व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करावी, आणि पहिल्या आठवड्यात ऑइलची पातळी रोज सकाळी पाहावी.