'यंदा काय येणार?' : आठ महिने अंदाज बांधून झाल्यावर

लेकीची शालांत परीक्षा झाली, निकालही लागला. आता डोकं शांत आहे तोवर हे लिहून टाकते. गेले आठ महिने आमच्या घरात 'यंदा काय येणार' हे ओळखायला दोन गोष्टी वापरात होत्या. एक म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकांवरून आम्ही मायलेकींनी केलेला तक्ता. दुसरं म्हणजे पैसे भरून घेतलेलं एक अ‍ॅप. ते प्रत्येक विषयाच्या अपेक्षित मुद्द्यांची यादी देतं आणि प्रत्येक मुद्द्यापुढे टक्केवारी छापतं. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. मला जे म्हणायचंय ते त्या एकट्याबद्दल नाही.

तक्त्यापासून सुरू करते. माझं सगळं आयुष्य हिशेबात गेलंय, रकाने आखणं हा माझ्या हातचा मळ. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमवल्या. उभे रकाने वर्षांचे, आडव्या ओळी घटकांच्या, चौकटीत त्या घटकावर विचारलेले गुण. विज्ञानाचा तक्ता भरायला तीन आठवडे लागले आणि भरून झाल्यावर लेक म्हणाली, "आई, हा धडा आमच्या पुस्तकात नाहीच आहे." चार वर्षांपूर्वी अभ्यासक्रम बदलला होता. दहा वर्षांतली सहा वर्षं तिथेच बाद. उरली चार. चार वर्षांवरून अंदाज बांधायचा म्हणजे चार पावसाळे पाहून पंचांग छापायला बसायचं. तरी आम्ही बसलो.

पहिले दोन महिने तक्त्याचं काम एकच होतं: कोणता धडा ऑप्शनला टाकता येईल ते शोधणं. आणि या कामात तो आम्हाला सपशेल खड्ड्यात घालणार होता. कसा, ते सांगते.

लेकीचं आणि तिच्या मैत्रिणींचं एक ठाम मत होतं. गेली दोन वर्षं जे आलं नाही ते यंदा येणारच, आणि गेल्या वर्षी मोठ्या गुणांना आलेलं यंदा नक्की नाही. मी तिला माँटे कार्लोच्या कॅसिनोची गोष्ट सांगितली. १९१३ सालच्या ऑगस्टमध्ये तिथे रुलेटच्या चाकावर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला. 'आता तरी लाल येणारच' म्हणत लोक दर फेरीला जास्त जास्त पैसे लावत गेले आणि धुपले. चाकाला मागची फेरी आठवत नाही. त्यावर लेकीने मला गप्प केलं : "पण आई, पेपर काढणाऱ्याला तर आठवते ना!" खरं आहे. पेपर काढणारा गेल्या वर्षीचा पेपर समोर घेऊन बसतो आणि तसाच्या तसा प्रश्न टाळतो. पण तो टाळतो तो प्रश्न. घटक त्याला टाळता येत नाही, कारण घटकाचे गुण आधीच ठरलेले असतात. हा फरक आम्हाला फार उशिरा कळला.

त्याआधी एक साधा गुणाकार. समजा सोळा धड्यांपैकी पाच ऑप्शनला टाकले. तक्ता म्हणतो, यातला प्रत्येक धडा न येण्याची शक्यता ८० टक्के. ऐकायला किती सुरक्षित वाटतं. पण पाचही न येण्याची शक्यता काढायची तर ०.८ पाच वेळा गुणायचं. उत्तर ०.३३. म्हणजे तीनातल्या दोन वेळा पाचापैकी निदान एक तरी धडा समोर येऊन उभा राहणार. (एक धडा येणं न येणं दुसऱ्यावर अवलंबून नाही असं धरून. नेमका हिशेब थोडा इकडेतिकडे होईल, पण चित्र तेच.) हे कागदावर मांडल्यावर लेकीने निमूटपणे तीन धडे परत अभ्यासात घेतले. दोन मात्र तिने टाकलेच. वय तसं आहे.

आता अ‍ॅप. परीक्षा संपल्यावर त्यांचा संदेश आला : विज्ञानात आमचे ८५ टक्के अंदाज बरोबर! खोटं नव्हतं. यादीतल्या ४० मुद्द्यांपैकी ३४ पेपरात आले होते, मी स्वतः खुणा करून मोजले. पण माझ्या सवयीप्रमाणे मी दुसरी बाजूही मोजली. आमच्या तक्त्यात विज्ञानाचे एकूण ६० मुद्दे आहेत. दोन्ही पेपर मिळून त्यातल्या ४५ मुद्द्यांना कुठे ना कुठे स्पर्श झाला होता, कारण एकेका गुणाचे बारीक प्रश्न खूप असतात. म्हणजे डोळे मिटून कुठल्याही ४० मुद्द्यांवर बोट ठेवलं असतं तरी सरासरी ३० बरोबर आले असते. अ‍ॅपची खरी कमाई चार मुद्द्यांची. आणि त्यांनी न छापलेला आकडा असा : यादीत नसलेल्या २० मुद्द्यांपैकी ११ आले. ज्याने यादी म्हणजे अख्खा अभ्यास असं मानलं त्याची या ११ जागी दांडी गुल.

कुणी टक्केवारी सांगितली की एवढंच विचारावं : यादीत काय नव्हतं, आणि त्यातलं किती आलं?

बरं, हे खूळ काही आपल्याच मुलांचं नाही. आयर्लंडमध्ये लीव्हिंग सर्टिफिकेट नावाची शालेय शिक्षणाच्या शेवटची परीक्षा आहे. तिथे इंग्रजीच्या वरच्या स्तराला अनेक वर्षं अशी रीत होती की आठ कवी नेमलेले, पेपरात त्यातले चार येणार, आणि मुलाने एकावर लिहायचं. दर वर्षी कोणते चार येणार यावर तिथे पैजा लागाव्यात इतकी चर्चा. या परीक्षेत काय येणार ते फार सहज ओळखता येतंय का, हे तपासायला ऑक्सफर्ड आणि बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांना नेमलं होतं. २०१४ च्या त्यांच्या अहवालाचा सूर असा की बोभाटा आहे तेवढं ते ओळखता येत नाही, आणि नुसत्या अंदाजावर विसंबलेल्यांचं त्यात भलं होतं असंही नाही.

मला त्या आठ कवींच्या गणितानेच वेड लावलं. पाच कवी तयार केले की एक तरी येणारच, तिथे अंदाजाचा संबंधच नाही, साधी वजाबाकी. आठातून चार कवी ७० तऱ्हांनी निवडता येतात, म्हणून चार केले तर एकही न येण्याची शक्यता ७० त १. तीन केले तर ७० त ५. दोनच केले तर ७० त १५, म्हणजे पाचात एकाहून थोडी जास्त. लेकीला हे दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा तक्ता सोडून पेपराच्या सूचना वाचायला गेली. 'कोणतेही तीन सोडवा' हे पाचातले तीन की चारातले तीन, हे तिला आठ महिन्यांत ठाऊक नव्हतं! काय येणार याच्या मागे लागण्याआधी किती सोडायला परवानगी आहे ते बघावं, हे आमच्या दोघींच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि खुद्द मंडळानेच सांगितलं तर? तेही होऊन गेलंय. महामारीत बुडालेल्या वर्गांमुळे इंग्लंडमध्ये २०२२ च्या उन्हाळी परीक्षांसाठी मंडळांनी फेब्रुवारीतच बहुतेक विषयांतले मुद्दे अधिकृतपणे जाहीर केले होते. तरीही एका मंडळाच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात 'विचारला जाणार नाही' म्हणून सांगितलेला भाग आला, आणि त्या प्रश्नाचे पूर्ण गुण सगळ्यांना वाटावे लागले. पेपर काढणाऱ्यांचीच ही गत, तर अ‍ॅपची काय कथा.

आमच्या तक्त्याला वळण लागलं ते सराव परीक्षेनंतर. अ‍ॅपने ओहमच्या नियमापुढे ९२ टक्के लिहिले होते. लेकीने नियम, सूत्र, एककं सगळं तोंडपाठ केलं होतं. सराव परीक्षेत ओहमचा नियम आला. पण कसा? एक आलेख, त्यावर आरंभबिंदूतून निघालेल्या दोन तिरक्या रेषा, आणि प्रश्न : कोणत्या तारेचा रोध जास्त? तिने बेधडक जास्त चढाची रेषा लिहून टाकली. आलेखात विद्युतधारा उभ्या अक्षावर होती आणि विभवांतर आडव्या. म्हणजे जास्त चढ तिथे कमी रोध. गुण गेले. अंदाज मात्र शंभर टक्के बरोबर ठरला. अ‍ॅपच्या वहीत ही जमेची बाजू.

पेपर हातात घेऊन ती तिच्या विज्ञानाच्या सरांकडे गेली. सर हसले आणि त्यांनी एक कागद काढून दाखवला. संविधान तक्ता. पेपर काढायला बसलं की प्रश्न नंतर, आधी हा भरायचा, असं ते म्हणाले. एका बाजूला घटक आणि त्यांचा भारांश, वरच्या बाजूला उद्दिष्टं : ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. प्रत्येक चौकटीत गुण बसवायचे, बेरीज दोन्हीकडून जुळली पाहिजे. ज्ञानाची चौकट भरली की पुढचा प्रश्न त्याच घटकावर असला तरी उपयोजनाचा करावा लागतो. 'कोणता धडा' हे ठरवायला त्यांच्या हातात फारसं नसतंच. त्यांचं डोकं चालतं ते 'कसं विचारू' यावर.

दोन्हीकडून बेरीज जुळवायची! माझं अर्धं आयुष्य त्यात गेलंय, आणि पेपर हा एक ताळेबंद असतो हे मला सुचू नये?

त्या रात्री आम्ही तक्त्यात एक नवा रकाना घातला : क्रियापद. व्याख्या लिहा, कारणे द्या, फरक स्पष्ट करा, आकृती काढून नावे द्या, उदाहरण सोडवा, निरीक्षणावरून ओळखा. चारही वर्षांचे पेपर पुन्हा भरले आणि चित्र पालटलं. मुद्दे चार वर्षांत विखुरलेले, पण क्रियापदांची संख्या दर वर्षी जवळपास तीच. दोन पेपर मिळून 'कारणे द्या' सहाच्या आसपास, आकृत्या तीन, आलेख किंवा तक्ता वाचायला एक तरी. काय विचारतील ते सांगता येत नाही, पण कसं विचारतील ते बऱ्यापैकी सांगता येतं. यानंतरचे तीन महिने तक्ता खरोखर उपयोगी पडला. लेक एकच मुद्दा घ्यायची आणि त्यावर चार क्रियापदांनी चार प्रश्न स्वतः काढायची. पुस्तक मिटून उत्तर लिहायची.

पुस्तक मिटून लिहिण्याचा आग्रह माझा होता. तिला नुसतं वाचायला आवडतं, कारण वाचताना सगळं येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याच गोष्टीवर प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते, एवढं मी तिला सांगितलं. पटलं की नाही माहीत नाही, पण लिहीत होती.

आणखी एक फायदा झाला, तो आम्ही मागितला नव्हता. प्रश्न कुठल्या ओळीत टाकायचा यावर आमची भांडणं व्हायची. 'फ्यूजची तार वितळणारी का असते' हा प्रश्न विजेचा की उष्णतेचा? ती म्हणे उष्णता, मी म्हणे वीज. पुस्तक उघडून ती मला समजावायला बसायची आणि अर्ध्या तासात तो धडा तिचा पक्का व्हायचा. अ‍ॅपची यादी आयती, तिथे भांडायला कुणी नाही.

तोटेही सांगते. वेळ भयंकर जातो. पहिला तक्ता म्हणजे तीन आठवड्यांची माती. भाषा विषयांत तक्ता जवळपास निरुपयोगी. निबंधाचे विषय ओळखण्याच्या फंदात आम्ही पडलो आणि एकही जुळला नाही. 'सध्या हा विषय गाजतोय म्हणजे येणार' हा तर्क तर अगदीच पोकळ, कारण पेपर परीक्षेच्या कित्येक महिने आधीच तयार होऊन सीलबंद झालेले असतात. गणितात आमचा पहिला तक्ता बरा चालला, क्रियापदाच्या रकान्याची तिथे फार गरज पडली नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री फिरणाऱ्या 'पक्क्या' याद्यांबद्दल दोनच शब्द. एका रात्रीत तीन वेगवेगळ्या पक्क्या याद्या आल्या आणि तिन्ही एकमेकींशी भांडत होत्या. त्यात कुणी अंदाजाऐवजी पेपरच हाती लागल्याचा दावा करत असेल तर तो भानगडीचा प्रकार आहे, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. आम्ही दोघींनी फोन बंद करून ठेवले.

प्रत्यक्ष परीक्षेत तिने ऑप्शनला टाकलेल्या दोन धड्यांपैकी एक आला. पाच गुणांना. ते गेले. आलेखही आला, लंबकाचा. घरी आल्या आल्या म्हणाली, "आई, आधी अक्ष वाचले." बाकी पेपराबद्दल तासाभराने बोलली.

आता तिच्या मागच्या वर्गातल्या मुली तक्ता मागतायत. तिने शक्यतेचा रकाना काढून टाकला, क्रियापदाचा ठेवला आणि फाइल पाठवून दिली. दहा मिनिटांत उत्तर आलं : "ताई, फाइल अर्धीच आली बहुतेक. काय येणार तो रकाना दिसत नाहीये."